विश्लेषण : खेळातल्या ‘रोग’ला मराठीत काय म्हणायचे? ‘उचल्या’ नव्हे, ‘हिकमती’!

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या कल्पनाखेळात ठेंगणे, चोरपावलांचे पात्र घडवणे ही नवख्या खेळाडूंची आवडती सुरुवात असते. या पात्राच्या इंग्रजी नावाचा उच्चार देवनागरीत लिहिला तर तो ‘रोग’ होतो, म्हणजे चक्क आजार. मग मराठी शब्द शोधला जातो आणि हाताशी येतात चोर, ठग, भामटा, उचल्या. यातले शेवटचे दोन शब्द माणसांच्या समाजांचीही नावे आहेत. ज्या लातूर जिल्ह्यातून ‘उचल्या’ हे आत्मकथन आले, तिथे हा प्रश्न केवळ भाषांतराचा उरत नाही.

हा खेळ नेमका कसा असतो?

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. त्याला ना पट लागतो ना सोंगट्या. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार होतो. तो गुहा, किल्ला किंवा बाजार शब्दांनी उभा करतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून सांगतात, ‘मी भिंतीला चिकटून पुढे सरकतो’ किंवा ‘मी पहारेकऱ्याशी बोलत राहते’. ते जमले की नाही हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. फाशावरच्या आकड्यात पात्राचे कौशल्य मिळवायचे आणि सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक बेरीज आली, तर काम फत्ते.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ मध्ये आली आणि या खेळाचे नाव भारतातल्या तरुणांच्याही ओळखीचे झाले. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळाने त्यात भर घातली. खर्चाचा अडसरही मोठा नाही. नियमांचा गाभा प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. मूळ श्रेय देऊन तो कोणीही वापरू, बदलू किंवा भाषांतरित करू शकतो. फासे नसतील तर मोबाइलवर टाकता येतात. शिकवणीच्या वेळापत्रकातून रविवारची दुपार मोकळी मिळालेल्या वसतिगृहातल्या चौघांना एवढे पुरेसे आहे.

या खेळात चोर आला कुठून?

१९७४ च्या मूळ खेळात पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. चोर हा वर्ग १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून आला. पुढे २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे नाव ‘रोग’ झाले. नाव बदलण्यामागे अर्थ होता. या वर्गात फक्त चोरच बसत नाहीत. हेर, कुलपे उघडणारा कारागीर, गुन्ह्याचा माग काढणारा तपासनीस, एवढेच काय, वेषांतर करून दरबारात शिरलेला दूतही यातच मोडतो.

ठेंगणेपणाचा धागा टोल्किन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ या कादंबरीकडे जातो. त्यातल्या बिल्बोला खजिना शोधायला निघालेले बुटके ‘घरफोड्या’ म्हणून सोबत घेतात. गंमत अशी की बिल्बोने तोवर आयुष्यात काहीच चोरलेले नसते. तो आपल्या घरात सुखाने चहा पिणारा गृहस्थ असतो. पुढे जे जमते, ते तो वाटेत शिकतो. खेळाने मात्र यातला उलटा अर्थ उचलला. १९७८ च्या नियमपुस्तकात ‘हाफलिंग’ म्हणजे अर्ध्या उंचीच्या लोकांना लपण्याच्या आणि आवाज न करता चालण्याच्या कौशल्यात केवळ त्यांच्या वंशामुळे जादा टक्के मिळत. बिल्बो शिकून घरफोड्या झाला, पण त्याच्या नात्यातले सगळे जन्मतःच चोरीला लायक ठरले.

असे पात्र आकड्यांत कसे उभे राहते?

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, जाण आणि छाप. सोप्या पद्धतीत १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा आकडे या गुणांत वाटायचे असतात. चोरपावलांच्या पात्रासाठी वाटणी जवळपास ठरलेली आहे. १५ चपळाईला, १४ काटकपणाला, १३ बुद्धीला, १२ जाणीला, १० छापेला आणि उरलेले ८ बळाला. त्यात चपळाईला दोन आणि बुद्धीला एक अशी वाढ मिळाली की चपळाई १७ वर जाते आणि तिच्यामुळे फाशात तीन मिळवता येतात.

पहिल्याच पातळीवर या वर्गाला दोन कौशल्यांत दुप्पट प्रावीण्य मिळते. त्यातले एक लपण्याला दिले तर फाशात एकूण सात मिळवायचे. मध्यम अवघड कामासाठी आकडा १५ असतो. म्हणजे फाशावर आठ किंवा जास्त आले की पात्र लपले. ही शक्यता ६५ टक्के. आता याच जागी साखळ्यांचे चिलखत घातलेला, लपण्याचे शिक्षण नसलेला आणि मध्यम चपळाईचा योद्धा उभा करा. त्याला १५ किंवा त्याहून जास्तच पडायला हवे, शिवाय चिलखताच्या आवाजामुळे दोन फासे टाकून कमी आकडा धरावा लागतो. त्याची शक्यता उरते ९ टक्के. गटात एक तरी चोरपावलांचा हवा, असे जुने खेळाडू सांगतात ते यामुळे.

दुसरे हत्यार म्हणजे ‘गाफील वार’. शत्रूचे लक्ष सोबत्याकडे असेल किंवा तो बेसावध असेल, तर नेहमीच्या वारावर आणखी एक सहा पैलूंचा फासा मिळतो आणि दर विषम पातळीला त्यात एका फाशाची भर पडते. हा फायदा एका पाळीत एकदाच आणि चपळ किंवा दूरच्या माऱ्याच्या शस्त्रालाच. म्हणजे हे पात्र एकट्याने मैदान मारणारे नव्हे. सोबती असेल तरच त्याची धार. दुसऱ्या पातळीवर त्याला वार करून त्याच दमात मागे सरकण्याची किंवा पुन्हा लपण्याची मुभा मिळते. नवखे खेळाडू इथेच चुकतात. दहाच प्राणगुण हाती असताना ते पुढे घुसतात आणि दोन घावांत आडवे होतात.

ठेंगण्या शरीराचेही आपले फायदे आहेत. मोठ्या माणसाच्या पायांमधून निसटता येते, सोबत्याच्या आडोशाला लपता येते. शिवाय फाशावर एक पडला तर हाफलिंगला तो फासा पुन्हा टाकता येतो. एरवी वीस फेकींत एकदा येणारी ही फजिती त्यामुळे चारशेत एकदा येते.

आपल्याकडे असे पात्र होते का?

होते, आणि खेळाच्या कितीतरी आधीपासून. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला शर्विलक हा या वर्गाचा आदर्शच म्हणावा. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकालाही तो परका नाही. चारुदत्ताच्या भिंतीला भोक कुठे आणि कोणत्या आकाराचे पाडावे याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मापायची दोरी विसरली म्हणून गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. तो चोरी करतो ती दासी असलेल्या मदनिकेला सोडवण्यासाठी. त्याच्याकडे कसब आहे, हेतू आहे आणि आपण करतो ते बरे की वाईट याची टोचणीही आहे. खेळाच्या भाषेत हे परिपूर्ण पात्र झाले.

दुसरे उदाहरण बहिर्जी नाईकांचे. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वेषांतर, बातमी काढणे, शत्रूच्या गोटात शिरून बाहेर पडणे ही या वर्गाचीच कौशल्ये. लोकपरंपरा त्यांना रामोशी समाजातले मानते.

तिसरे उदाहरण नांदेड जिल्ह्यातलेच आहे. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरी इथली बँक लुटली. तो पैसा निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी होता. मराठवाड्यात या घटनेची आठवण अभिमानाने काढली जाते. टेबलावरच्या खेळात ज्याला धाडसी लुटीचा डाव म्हणतात, तो हाच. या तिन्ही उदाहरणांत कोणाच्याही जन्मावर चोरीचा ठपका नाही. शर्विलक ब्राह्मण आहे, पण म्हणून ब्राह्मण चोर असतात असे नाटक म्हणत नाही.

मग ‘उचल्या’ या शब्दाने काय बिघडते?

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्याआधी १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला होता. १८७१ च्या कायद्याने त्याच विचाराचे पाऊल आणखी पुढे टाकले. टोळीच्या जागी जमात आली आणि त्या जमातीत जन्मलेले मूल कायद्याच्या नजरेत गुन्हेगार ठरू लागले. नोंदणी, हजेरी, गावाबाहेर जायचे तर परवाना. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण शिक्क्याला सरहद्द अडवत नाही. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज १४ नावे आहेत. रामोशी त्यात आहेत, बंजारा आहेत, राजपूत भामटाही आहेत.

लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पोलिसांचा ससेमिरा, उपासमार, लहान वयात खिसे कापायचे शिक्षण आणि मार सोसायची सवय, हे सारे त्यात आतून आले आहे. शाळेत जाणे हीच तिथे बंडखोरी होती. गायकवाड पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामगार झाले, चळवळीत आले. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत १९९८ मध्ये विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर उभ्या राहिलेल्या गटात ते होते.

या पुस्तकाच्या शेजारी खेळातले पात्रपत्रक ठेवून पाहावे. खेळात ‘चोर’ हा वर्ग खेळाडू निवडतो. कंटाळा आला तर पुढच्या खेपेस जादूगार होतो. ‘उचल्या’तल्या मुलाला असे पत्रक कोणी दिले नव्हते. त्याचा वर्ग जन्माच्या आधीच भरून ठेवला होता आणि तो खोडण्यासाठी त्याला आयुष्य खर्ची घालावे लागले. म्हणून लातूरच्या टेबलावर कोणी हसत ‘माझा उचल्या लेव्हल तीनचा आहे’ म्हणाला, तर तो शब्द शेजारी बसलेल्या मित्राच्या आजोबांचा शिक्का असू शकतो. त्या मित्राने तो हसण्यावारी नेला तरी त्याला तो लागत नाही असे समजू नये.

खेळानेच काही बदल केला आहे का?

केला आहे आणि तो नेमका याच दिशेचा आहे. खेळातला ‘वंश’ हा शब्द सोडून देत असल्याचे प्रकाशकांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. २०२४ च्या नव्या पुस्तकात गुणांतली वाढही वंशापासून सोडवून पात्राच्या पार्श्वभूमीशी जोडली. म्हणजे २०१४ च्या नियमांत हाफलिंग जन्मला म्हणून त्याची चपळाई दोनने वाढत असे. आता त्याचे बालपण कुठे गेले, कोणते काम करत तो वाढला, यावरून ती वाढते. ‘गुन्हेगार’ ही पार्श्वभूमी निवडली तर चपळाई, काटकपणा आणि बुद्धी यांना वाढ मिळते, पण ती उंच माणसालाही मिळते आणि ठेंगण्यालाही.

सगळे सुटले असे नाही. हाफलिंगला लपण्याची सोय अजूनही जन्मानेच मिळते. लहान शरीर मोठ्या शरीराआड दडते, हे समजण्यासारखे आहे. पण आडोशाला मावणे हा शरीराचा गुण झाला आणि कुलूप फोडणे ही शिकलेली गोष्ट. या दोन्हींत फरक करायला खेळाला पन्नास वर्षे लागली. खेळाच्या इंग्रजीत आपलीही काही देणी आहेत, हे इथे आठवावे. ‘लूट’ हा त्यातला परवलीचा शब्द भारतीय भाषांतून गेला आणि २०१४ च्या नियमांत धटिंगणासाठी असलेला ‘थग’ म्हणजे आपला ठगच. ठगीची भीती आणि तिच्यावरचा कायदा या दोन्हींचा इतिहास त्या शब्दासोबत गेला, फक्त खेळणाऱ्यांना तो दिसत नाही.

लातूर-नांदेडच्या टेबलावर काय करता येईल?

‘एवढा विचार कशाला, खेळच तर आहे’ हा आक्षेप येणार. त्यात तथ्यही आहे. चोरून आत शिरण्यातली धाकधूक हा या खेळाचा जीव आहे आणि ती काढून टाकली तर मागे फक्त बेरजा-वजाबाक्या उरतील. शर्विलकाची चोरी पाहताना रसिकांना मजा येत आली आहे, त्यात गैर काही नाही. चोरी खेळातून हद्दपार करण्याची गरज नाही. तिला जन्माशी बांधू नये, एवढेच पुरे.

त्यासाठी ‘हिकमती’ हा शब्द हाताशी आहे. तो कोणत्याही समाजाचे नाव नाही, शिवी नाही आणि मराठवाड्याच्या बोलण्यात तो रुळलेला आहे. अडलेल्या ठिकाणी युक्ती काढणारा, तो हिकमती. हेर त्यात बसतो, कुलूपवाला बसतो आणि प्रसंगी चोरही बसतो.

दुसरी गोष्ट पात्रपत्रकाची. आकडे भरून झाले की तीन ओळी जादा लिहाव्यात. हे कसब कोणाकडून शिकले? कशासाठी वापरतो? कोणाचे कधीच घेत नाही? या तीन उत्तरांनी पात्र उभे राहते. ‘गाव जळाले, अनाथ झालो, चोर झालो’ या सरधोपट कहाणीतून सुटकाही होते.

तिसरी गोष्ट जागेची. परदेशी तळघरांची गरज काय? पाण्याच्या खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला आहे, उदगीर आणि औशाचे भुईकोट आहेत. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तर या खेळासाठी तयार नेपथ्यच आहे. घोडे, गाढवे, लाल कंधारी आणि देवणी गुरे, तमाशाचे फड, लांबून आलेले भटके समाज. खेळात हिकमतीला सोबत्यांशी बोलायची गुप्त भाषा येते. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा भाव ही तशीच भाषा, आणि तिचा चोरीशी काडीचा संबंध नाही. सूत्रधाराने हिकमतीला तिथे व्यापाऱ्याची फसवणूक उघडी पाडायला पाठवावे, भटक्यांच्या पालातून पैशाची पिशवी पळवायला नव्हे.

सूत्रधाराची जबाबदारी इथे सर्वांत मोठी. पहारेकरी ठेंगण्याला पाहताच ‘हे लोक चोरच’ म्हणत असेल, तर ती त्या पहारेकऱ्याची समजूत असू द्यावी, खेळाच्या जगाचे सत्य नव्हे. खेळाडूला ती खोटी ठरवण्याची संधी मिळायला हवी. खेळ सुरू करण्याआधी पंधरा मिनिटे बसून कोणते शब्द नकोत, कोणते विषय नकोत हे ठरवण्याची पद्धत जगभरच्या टेबलांवर आहे. ती इथेही चालू शकते.

पुढे काय?

नियमांचा गाभा खुला असल्याने त्याचे मराठी भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही. ते काम पुण्या-मुंबईतच व्हावे असेही नाही. लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या महाविद्यालयातले चार विद्यार्थी ते सुट्टीत करू शकतात. योद्धा, जादूगार, धर्मोपासक हे शब्द त्यांना सहज सापडतील. चौथ्या वर्गाच्या नावापाशी त्यांची लेखणी थांबेल. तिथे कोणता शब्द लिहायचा हे ठरवण्याआधी त्यांनी आपल्याच जिल्ह्यात लिहिलेले ते १९८७ चे पुस्तक वाचून घ्यावे.